वरच्या घरातला नळ

दुपार कलली तशी नेपोने क्लोरीनचा डबा उचलला, पाना कमरेला खोचला आणि तो टाकीची वाट चढू लागला.

काम नेहमीचंच होतं. पंपघर खाली, ओढ्याच्या काठाला. टाकी वर, डोंगराच्या माथ्यावर. आणि मधल्या उतारावर, केळीच्या आणि कॉफीच्या झाडांत, ला होया ही सगळी वस्ती पांगलेली. पोर्तो रिकोच्या त्या डोंगरात सरकारी पाणी कधी चढलंच नाही. विहीर वस्तीने खणली, नळ वस्तीने टाकले आणि राखायला नेपोला बसवलं. त्यालाही आता इतकी वर्षं झाली होती, की पंपाचा आवाज कानावर असल्याशिवाय त्याला झोप लागत नसे.

वाटेत, टाकीच्या जरा खालच्या अंगाला, त्याचं जुनं घर लागे. मोठ्या वादळाने घराचं अर्धं छप्पर नेलं होतं. त्या जागी निळी ताडपत्री होती, तीही उन्हाने विरलेली. बायको गेल्यावर नेपो तिथे राहिला नाही. पंपघराला लागून एक खोली होती, तिथे त्याने खाट टाकली. जाता-येता मात्र तो घरावरून नजर फिरवी, दाराला पिळून बांधलेली तार जागेवर आहे ना ते बघे, आणि पुढे जाई.

त्या दिवशी टाकीत औषध टाकून तो उतरत होता. सूर्य पलीकडच्या डोंगराआड गेला होता. खाली एकेका घरात दिवे लागत होते. कोकी बेडकांनी नुकताच सूर धरला होता. आणि बघता बघता सगळे दिवे एकदम गेले.

नेपो थांबला. त्याने कान दिला. खालून येणारा पंपाचा आवाज क्षणभर अडखळला आणि पुन्हा लागला.

त्याला बरं वाटलं. तो आवाज ऐकायला ला होयाने फार वाट पाहिली होती. गेल्याच वर्षी पंपघराच्या छपरावर आणि मागच्या उतारावर सौर पॅनेल बसली होती. आत एक लोखंडी कपाट, त्यात बॅटऱ्या. कंपनीची लाइट गेली, की ते कपाट कंपनीच्या तारेपासून आपणहून सुटं होई आणि पंप, शाळा, दवाखान्याची खोली एवढ्यांना स्वतःच्या जोरावर चालवी. ते बसवणारा एफ्राइन वस्तीतलाच. तो त्याला मायक्रोग्रिड म्हणे. दुकानवाली दोन्या तोमासा, दोन्या म्हणजे बाई, पाणी समितीची मुखत्यार होती. ती त्याला 'फ्रिज' म्हणे, कारण ते तसंच गुणगुणायचं.

पण माणसाचा हात सवयीने चालतो. ला होयात लाइट गेली की कुणी आधी मेणबत्ती शोधत नाही, आधी बादली शोधतात. लाइट गेली म्हणजे पंप बंद, आणि टाकीत उरलेलं पाणी जो धावेल त्याचं, हे सगळ्यांच्या अंगात भिनलेलं. सगळे एकदम नळ सोडत, आणि दोन दिवस पुरेल अशी टाकी तासाभरात कोरडी होई. आता पंप चालू राहतो हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी हात बादलीकडेच जात.

खालून आरडाओरडा आलाच. "लाइट गेली! बादल्या! बादल्या!" आणि त्यावर दोन्या तोमासाचा भोंगा:

"अरे बंद करा ते नळ! पंप चालू आहे, कान फुटलेत का? सांतोस, तू टब भरतोयस, मला इथून दिसतंय!"

"आणि दोन्या, तुमच्या दुकानामागे ते पिंप कसलं भरतंय?"

"ते कुत्र्यासाठी आहे!"

"कुत्रा आहे की घोडा?"

नेपो मनाशी हसत चार पावलं उतरला. मग त्याच्या लक्षात आलं, की कोकी गप्प झालेत. सगळीकडचे नाहीत. खाली ओढ्याला ते ओरडत होते, पलीकडच्या उतारावर ओरडत होते. फक्त त्याच्या आसपास, जुन्या घराच्या भोवती, कुणी झाकण ठेवल्यासारखी शांतता होती.

आणि त्या शांततेत, बंद घरात, नळ सुटला.

आधी हवेचा एक खाकरा. मग धार. पत्र्याच्या तळावर पडणारी, पोकळ वाजणारी. धारेचा आवाज हळूहळू चढत गेला, भरत गेला. बादली काठोकाठ यायच्या आधी नळ अर्धा पिळला गेला, बादली जमिनीवर फरफटली, आणि तिच्या जागी दुसरं काहीतरी आलं. त्याचा आवाज बसका. तो प्लास्टिकचा टब. मग घेवड्याचं मोठं पातेलं. मग कॉफीची किटली. आणि सगळ्यात शेवटी पेला. पेल्यासाठी नळ अगदी सुतासारखा बारीक केला गेला, शिंतोडा उडू नये म्हणून.

पेला असा भरणारं माणूस जगात एकच होतं.

 पळावं असं पायांना वाटत होतं. पण दाराच्या फटीतून निळ्या साबणाचा वास आला, आणि त्यात मिसळलेला ओल्या लाकडाच्या धुराचा. तो वास त्याने किती दिवसांत घेतला नव्हता. त्याने डबा खाली ठेवला. पायरीवर बसला. दाराकडे पाठ करून.

मोठं वादळ झालं तेव्हा लाइट जवळजवळ वर्षभर आली नव्हती. पंप मेला. टाकी पहिल्याच संध्याकाळी रिकामी झाली. एर्मेलिंदा, त्याची लिंदा, नळाखाली पातेलं धरून उभी होती आणि तिच्या हातातच नळ फुसफुसला आणि कोरडा पडला. ती बराच वेळ त्या नळाकडे बघत राहिली होती. मग रोज नेपो डोंगर उतरून पाण्याच्या गाडीच्या रांगेत उभा राही, आणि त्याला यायला उशीर झाला की ती ओढ्याचं आणी. उकळायला कोरडं लाकूड नसे. ओढ्यात मेलेली जनावरं वाहून आली होती. एके दिवशी तिच्या पोटऱ्या दुखायला लागल्या, ताप चढला, डोळे पिवळे झाले. रस्ता बंद होता. तापात ती एकच विचारायची. "नेपो, पाणी आलं?"

ती गेली तेव्हा घरातलं एकूण एक भांडं भरलेलं होतं.

पॅनेल आली, नवी नळवाहिनी पडली, तेव्हा नेपोने आपल्या पडक्या घरालाही जोड दिली होती. पुढेमागे छप्पर घालीन, तो म्हणाला होता. घराला विजेची तार मात्र पुन्हा कधी आली नाही. नळ होता, दिवा नव्हता. पण स्वयंपाकघराच्या खिडकीतून खालची सगळी वस्ती दिसे. तिथले दिवे विझले की वरून कुणालाही कळावं...

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने दाराची तार सोडली. आत कुणी नव्हतं. बादली, टब, पातेलं, किटली, पेला. सगळी काठोकाठ. जमिनीवर धूळ होती आणि धुळीवर एकही पाऊल नव्हतं. नेपो पेल्यातलं पाणी प्याला. बाकीचं त्याने दारातल्या पेरूच्या झाडाला घातलं, थोडं थोडं, मुळाशी.

हे त्याने कुणाला सांगितलं नाही.

त्या मुलखात लाइट वरचेवर जाते. सगळी वस्ती कंपनीला शिव्या घाली, आणि नेपो शर्ट बदलून टाकीची वाट धरी. लाइट लवकर आली तर उतरताना त्याचे खांदे पडलेले असत. लाइट आली की वरचा नळ गप्प होई.

"आशीर्वाद, पाद्रिनो," एफ्राइन एकदा वाटेत भेटून म्हणाला. बाप्तिस्म्याच्या वेळी नेपोनेच त्याला हातात धरलं होतं, म्हणून तो त्याचा पाद्रिनो.

"देव तुला सांभाळो."

"एक विचारू? लाइट गेली की तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालता. दाढी करता. कोण आहे ती?"

"टाकी बघायला चाललोय."

"टाकी नशीबवान आहे."

दोन्या तोमासा दुकानाच्या ओट्यावरून ओरडली, "छेडू नकोस रे त्याला! या वयात कुणी मिळाली असेल तर मेणबत्ती मी फुकट देईन."

नेपो गालातल्या गालात हसला आणि चढत राहिला. पायरीवर बसून तो ऐके. धार चालू असताना दार त्याने कधी उघडलं नाही. उघडलं तर आवाज थांबेल, एवढीच त्याला भीती होती. बाकी कशाची उरली नव्हती. कधी आत एखादं भांडं घसरे आणि त्याला वाटे, आता ती चुकचुकेल. ती चुकचुकत नसे. मग तोच हळूच चुकचुके, तिच्यासारखं.

समितीने एकदा ठराव केला, की रिकाम्या घरांचे नळ बंद करून टाकायचे. नेपोला विचारलं, तुझ्या वरच्या घराचा केलास का? तो केला म्हणाला.

मग पावसाळ्याच्या शेवटी वादळ आलं. मोठं नव्हे, पण रेंगाळणारं. आलं आणि डोंगरावर बसूनच राहिलं. कंपनीची लाइट पहिल्याच झटक्यात गेली. खालचा रस्ता दरडीखाली गाडला गेला. ओढ्याचं पाणी कॉफीसारखं काळं होऊन दोन्ही काठ खात चाललं. उतारावरची घरं धोक्याची म्हणून तिथली माणसं शाळेत आणली. त्यांत सांतोसची सून होती, नुकती बाळंत झालेली.

पंप चालत होता. पण आकाशात ऊन नव्हतं. एक दिवस, दुसरा दिवस, तिसरा. कपाटाची गुणगुण बारीक होत चालली. दोन्या तोमासाने भोंगा घेऊन घरोघरी सांगितलं, पिण्यापुरतंच घ्या. या वेळी लोकांनी ऐकलं. बादल्या पालथ्या घालून ठेवल्या. तिने स्वतःचं पिंपही शाळेत पाठवलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळ व्हायला आली तेव्हा एफ्राइन भिजलेला पंपघरात आला.

"पाद्रिनो, टाकी उतरतेय."

"किती?"

"सकाळी भरली होती. आता अर्ध्याखाली आहे. खालचे सगळे नळ मी स्वतः बघून आलो. बंद आहेत. गळती असती तर उतारावर दिसली असती." त्याने कपाटाला हात लावला. "यात आता जेमतेम अर्धी टाकी चढेल एवढाच जीव आहे. ते पाणी पण असंच गेलं, तर ऊन पडेपर्यंत काही नाही."

दोन्या तोमासा दारात उभी होती. तिने भोंगा काखेत धरला होता. "सांतोस ओढ्याचं पाणी फडक्याने गाळून बघत होता," ती म्हणाली. "मी त्याच्या हातातून भांडं काढून घेतलं. म्हणाला, दोन्या, रात्रीतून टाकी संपली तर पोरीच्या पावडरच्या दुधात काय घालू?"

ओढ्याच्या पाण्याने ला होयाला काय केलं होतं ते तिघांनाही माहीत होतं.

"वर कुणीतरी ओढतंय," एफ्राइन म्हणाला.

"वर आहेच कोण?" तोमासाने नेपोकडे पाहिलं. तिचा आवाज मऊ झाला. "नेपो... तुझ्या घराचा नळ तू बंद केला होतास ना?"

नेपोने खुंटीवरचा पाना काढला.

"मी बघतो," तो म्हणाला.

"मी येतो बरोबर."

"नको. तू पंपापाशी थांब. वरून कंदील हलवला की सुरू कर."

वाट चिखलाची झाली होती. केळी आडव्या पडल्या होत्या. पाऊस जाड नव्हता, पण सगळीकडे होता. पानांतून, अंगातून, श्वासातून. उजेड राखाडी होऊन खाली खाली बसत होता. कोकी एरवी पावसात बेभान होतात. पण नेपो जसा चढत गेला तशी त्यांची ओरड मागे राहत गेली, आणि घराच्या वळणावर ती पार थांबली.

धारेचा आवाज येत होता.

या वेळी तो भांड्या-भांड्यांचा नव्हता. एकच भांडं भरत होतं. धार पडत होती, आवाज चढत होता, भरत होता, आता काठ येणार, आता नळ पिळला जाणार असं वाटे... आणि काठ येतच नसे. आवाज पुन्हा तळाला जाई, पुन्हा चढू लागे. नेपोने पायरीकडे पाहिलं, उंबऱ्याकडे पाहिलं. दाराखालून पाण्याचा एक थेंब बाहेर येत नव्हता. अर्धी टाकी या घरात आली होती. कुठे गेली होती?

नळवाहिनीची चावी बाहेरच होती, पेरूच्या बुंध्याशी. पान्याचे दोन-तीन आटे. तेवढ्याने सगळं संपलं असतं. त्याने वाकून चावीला पाना लावला. हात फिरेना. आत ती नळापाशी उभी होती. आता हा आटा फिरला की तिच्या हातात तो नळ फुसफुसेल आणि कोरडा पडेल. पुन्हा एकदा.

त्याने पाना चिखलात ठेवला आणि तो दाराशी गेला. आत ती असताना पहिल्यांदाच त्याने दाराकडे तोंड केलं.

"लिंदा..."

धार पडत राहिली.

"लिंदा, मी आहे."

धार बारीक झाली. साबणाचा वास एकदम दाट झाला. आणि फळीच्या अगदी पलीकडून, लाकडाला तोंड लावून बोलावं तसा आवाज आला.

"नेपो... लाइट गेली रे..."

 त्याने कपाळ दाराला टेकलं. दार बर्फासारखं गार होतं.

"हो. गेली."

"भरून ठेवते... तू येईपर्यंत पुरायला हवं... पाणी जाईल..."

"मी आलोय. ऐक. पाणी नाही जाणार."

धार तुटली नाही.

"नाही जात ग आता. पंप उन्हावर चालतो. एफ्राइनने बसवलंय, आपल्या एफ्राइनने. लाइट गेली तरी चालतो. तुला दाखवायचं होतं मला. पहिल्या दिवशी पंप सुरू झाला ना, सगळे नाचले, दोन्या तोमासासुद्धा नाचली. मी मागे जाऊन उभा राहिलो. म्हटलं, हिला बघायला मिळायला हवं होतं..."  मग जे बोलायचं नव्हतं तेही तो बोलला. "पण ऊन नाही तीन दिवस. तू भरतेस ते खालच्यांचं आहे. शाळेत माणसं आहेत, पोरं आहेत. सांतोसच्या घरी तान्हं आहे. टाकी संपली तर ओढ्याचं पितील ते. तू प्यालीस तसं."

धार पडत होती. बारीक. पेला भरायची असावी तशी.

"नको भरूस आता, लिंदा," नेपो म्हणाला. "यापुढे नको भरूस. मला पुरेल तेवढं आहे."

 ताडपत्रीवर पाऊस टपटपत होता.

"ओढ्याचं देऊ नकोस कुणाला..." आवाज म्हणाला. आता तो दूरचा होता, घराच्या आतल्या आत कुठेतरी दूर. "नेपो... ओढ्याचं नको..."

नळ पिळला गेला. घट्ट, शेवटच्या आट्यापर्यंत. एक थेंब पडला. मग तोही नाही.

"कधीतरी खाली ये," तो घाईघाईने म्हणाला. "तुला दाखवतो, कसं चालतं ते. लिंदा?"

पलीकडे काही नव्हतं. थोड्या वेळाने पेरूच्या झाडावर एक कोकी ओरडला. मग दुसरा. नेपोने डोळे मिटून घेतले. त्या सुंदर आवाजाचा त्याला इतका राग कधीच आला नव्हता.

त्याने चावी बंद केली. आता नळापाशी कुणी नव्हतं. मग तो टाकीवर चढला, कंदील पेटवून हलवला, आणि खाली पंप लागल्याचा आवाज आला. टाकीत पाणी पडू लागलं तसा तो भिंतीला टेकून तिथेच बसून राहिला. कपाटात होता तेवढा जीव पंपाने ओढून घेतला. टाकी भरली नाही, पण पाऊण झाली. नीट वापरली तर पुरणार होती.

पुरली. ऊन पडलं तेव्हा शाळेतल्या बाया डोळ्यांवर हात धरून अंगणात आल्या. सांतोसने नातीला उन्हात धरलं आणि म्हणाला, हिचं नाव सोल ठेवायचं. सोल म्हणजे सूर्य. तोमासा म्हणाली, "नाव ठेव, पण हिच्या आंघोळीला टब नको भरूस."

एफ्राइनने एकदाच विचारलं. "सुटा राहिला होता का नळ?"

"हो."

"झाला बंद?"

"झाला."

एफ्राइनने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि तो पंपाकडे वळला.

पुढे लाइट गेली तेव्हा नेपो शर्ट बदलून वर गेला. पायरीवर बसला. कोकी दाराच्या अगदी चौकटीवर बसून ओरडत होते. नळ गप्प होता. त्याने चावी उघडून पाहिली, तरीही गप्प. त्याच्या पुढच्या वेळीही तसंच. बादलीत धूळ साचली, किटलीत पालीने अंडी घातली. त्यानेच तिला नको म्हटलं होतं. तिने ऐकलं होतं. जिवंतपणी ती त्याचं असं कधी ऐकत नसे, हे आठवून तो एकदा पायरीवर हसला, आणि मग हसू थांबवता थांबवता त्याला बराच वेळ लागला.

इस्त्रीचा शर्ट मग खुंटीलाच राहिला.

काही महिन्यांनी एफ्राइन कपाट उघडून बसला होता. डोकं खाजवत.

"पाद्रिनो, पंप तुम्ही हाताने लावता का? लाइट जायच्या आधी?"

"आधी मला काय कळणार?"

"तेच तर. या कपाटालासुद्धा लाइट गेल्यावरच कळतं. पण गेल्या दोन-तीन वेळा पंप आधी लागलाय. कंपनीची तार सोडून हे आधीच सुटं होतं, पंप लागतो, आणि मग थोड्या वेळाने लाइट जाते."

"बिघाड असेल."

"सगळं बदलून बघितलं."

दोन्या तोमासा दारातून म्हणाली, "फ्रिजला ज्योतिष यायला लागलं! विचार त्याला, माझा जावई परत कधी जाणार आहे?"

नेपो हसला नाही. ती दोघं गेल्यावर त्याने कपाटाच्या पत्र्यावर तळहात ठेवला. पत्रा एरवी कोमट असे. तो गार होता. आणि खिडकीबाहेर, ओढ्याच्या काठाला जिथे कोकी सगळ्यात जास्त ओरडतात, तिथे कुणी ओरडत नव्हतं.

"आलीस होय," तो हळूच म्हणाला.

त्या संध्याकाळी त्याने खाट ओढून पंपघराच्या भिंतीला लावली. ते दिवस त्याचे सुखात गेले. संध्याकाळी तो दोन कप कॉफी गाळी. एक पिई, एक कपाटावर ठेवी आणि सकाळी गार झालेली तीही पिई. वस्तीत कोण भांडलं, कुणाची केळी पिकली, सगळं सांगे. पंप लागला की तो कंदिलाची वात सारखी करी आणि लाइट जायची वाट बघे. ती जाईच. तिचा अंदाज एकदाही चुकला नाही.

मग कोरड्या दिवसांतली ती संध्याकाळ आली. आकाश धुतल्यासारखं होतं. वारा नव्हता, रेडिओवर गाणी चालली होती, घराघरांत दिवे लागले होते. नेपो खाटेवर बसून शेंगा सोलत होता. ओढ्याकाठचे कोकी गप्प झाले. त्याने मान वर केली. मग पलीकडच्या उतारावरचे गप्प झाले. मग वरचे, टाकीकडचे. मग सगळा डोंगर. एवढा गप्प डोंगर त्याने जन्मात ऐकला नव्हता. मोठ्या वादळाच्या आधीही नाही.

पंप लागला.

टाकी भरलेलीच होती. भरल्यावर पंपाने आपणहून थांबायला हवं. तो थांबला नाही. वर टाकी ओसंडून पाणी उतारावरून खळखळत येऊ लागलं. आणि त्याच वेळी जवळच्या घरात नळ सुटला. मग त्याच्या वरच्या घरात. मग शाळेत. एकामागून एक, दिवे असलेल्या त्या सगळ्या घरांत, पत्र्याच्या तळावर धारा वाजू लागल्या.

"कोण भरतंय रे?" दोन्या तोमासाचा आवाज आला. त्यात भोंगा नव्हता आणि चेष्टाही नव्हती. "लाइट आहे ना... माझा नळ कुणी सोडला?"

नेपोच्या मांडीवरच्या शेंगा जमिनीवर सांडल्या. तो उठला, कपाटापाशी गेला आणि त्याने गाल त्या गार पत्र्याला लावला.

"लिंदा," तो कुजबुजला. "किती दिवसांचं भरतेस ग?"

 वर, उतारावरच्या कुठल्याशा घरात, एक भांडं काठोकाठ भरून सरकलं, आणि त्याच्या जागी दुसरं आलं.